बांधापलीकडची म्हैस

आमच्या गावात बसमधून उतरून वेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला कोंडवाडा होता. पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, त्यांवर पावसाळ्यात उगवून उन्हाळ्यात वाळून गेलेलं गवत, आडव्या वाशांचं एकच दार, आत एक चिंच आणि चिंचेखाली पाण्याची दगडी डोण. लहानपणी आम्हांला बागुलबुवाची भीती कुणी घातली नाही. 'पाढे म्हटले नाहीस तर कोंडवाड्यात नेऊन घालीन' एवढं पुरे व्हायचं. आता तिथं पाण्याची टाकी उभी आहे. चिंच मात्र अजून आहे. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा धाकट्या भावाच्या नातवानं विचारलं, "आजोबा, कोंडवाडा म्हणजे काय?" मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं, की ते सांगायचं तर मला एका म्हशीची गोष्ट सांगावी लागेल. ती मी पन्नास वर्षांत कुणालाच नीट सांगितलेली नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. पश्चिमेचं जंगल विरळ होत जातं आणि भाताची शेतं सुरू होतात, त्या पट्ट्यातलं. मराठी घरं आणि कानडी घरं एकमेकांत मिसळलेली. आमच्या शेताचा पूर्वेकडचा बांध एका कानडी घराशी सामाईक होता. त्या घरच्या कर्त्या माणसाला आम्ही मुलं 'मावा' म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला 'अत्ती'. कानडीत मावा म्हणजे मामा, आणि अत्ती म्हणजे आत्याही नि मामीही. माझ्या आजीला मावा 'अव्वा' म्हणत. वडिलांना सारं गाव आबा म्हणायचं, तसे तेही आबाच म्हणत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याचा इतिहास या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्या घरात त्याचा रोजचा अर्थ असा होता, की कचेरीतून येणारा कागद हळूहळू कानडीत यायला लागला. आबांना कानडी फडाफडा बोलता यायचं, पण वाचता यायचं नाही. कागद आला की आबा तो टोपीत घालून मावांच्या ओसरीवर जायचे. मावा चष्मा लावून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. उलट, मावांच्या जमिनीचं जुनं खरेदीपत्र मोडीत होतं. आबा शाळेत मोडी शिकलेले. वर्षातून एकदा तरी मावा ते खरेदीपत्र लाल फडक्यात बांधून आमच्याकडं यायचे आणि वाचून घ्यायचे. त्यांना ते पाठ झालेलं होतं, तरी यायचे. चतुःसीमेत 'पश्चिमेस' म्हणून आमच्या पणजोबांचं नाव होतं. ते नाव आलं की मावा हसून म्हणायचे, "अजून हाय बघ तिथंच."

गुरांच्या बाबतीत गावाचा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण पोरासोरांनाही माहीत होता. मिरगापासून सुगीपर्यंत, म्हणजे शिवारात भात उभं असेतोवर, ज्याचं जनावर त्यानं ते आवरायचं. भात कापून मळणी उरकली की रान मोकळं. मग कुणाचंही जनावर कुणाच्याही शेतात चरलं तरी बोलायचं नाही. ते चरतं तसं शेणही टाकतं, त्यात शेतकऱ्याचा तोटा नसतो. त्या मोकळ्या दिवसांत कुणाला मसूर-वाटाणा टाकायचा असेल, तर त्यानं आपली राखण करावी, नाहीतर कुंपण घालावं.

आणि नुकसान झालंच, तर आधी आरडाओरडा करायचा नाही. जनावर बांधावर काढायचं आणि मालकाला निरोप धाडायचा, "बघायला या." मावांच्या बाजूनं निरोप यायचा तो कानडीत, "बा, नोडोण." ये, बघू या. मग दोघांनी मिळून बांधावर उभं राहायचं, किती खाल्लं ते बघायचं, तंबाखू मळायची. भरपाई कधी पायलीभर भाताची, कधी अर्ध्या दिवसाच्या औताची. पुष्कळदा काहीच नसायची. नुकसान दोघांनी उभं राहून बघितलं, एवढ्यावरच प्रकरण मिटायचं.

१९७४ च्या सुमारास आबांनी सोसायटीचं कर्ज काढून नाल्यावर ऑइल इंजिन बसवलं आणि एक एकर ऊस लावला. आमच्या बाजूच्या शिवारात तो पहिला उन्हाळी हिरवा तुकडा. माघात चहूकडं भाताचे वाळके खुंट आणि मध्ये आमचा गुडघाभर ऊस. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. जनावरांनाही तो लांबून दिसत असणार.

मावांची म्हैस पंढरपुरी होती. शिंगं लांब, पार खांद्यापर्यंत मागं गेलेली. स्वभावानं गरीब. ती पहिल्यांदा उसात शिरली तेव्हा आबांनी रीतीप्रमाणं निरोप पाठवला. मावा आले, खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळून उसात हिंडले, खाल्लेले कोंभ मोजले आणि म्हणाले, "आबा, रान मोकळं हाय. तू एकटाच हिरवं करून ठेवलास तर जनावर जाईल कुठं? कुंपण घाल की."

"घालायचं खरं, पैसं आणायचं कुठनं? इंजनाचं हप्तं हायत," आबा म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं. मावांच्या बाजूनं गावाची जुनी रीत होती. आबांच्या बाजूनं कर्जाचा ऊस होता. आज विचार करतो तेव्हा वाटतं, की भांडण दोन माणसांत नव्हतंच. सुगीनंतर शिवार सगळ्यांचं असतं ही एक समज, आणि माझं शेत बारा महिने माझं ही दुसरी समज, यांच्यात ते होतं. नाल्यावर इंजिन बसलं त्याच दिवशी ते सुरू झालं. आम्हांला ते म्हैस आल्यावर दिसलं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला म्हैस उसाच्या पाटात जाऊन बसली. म्हैसच ती, पाण्यात बसणारच. पाट फुटला आणि रात्रभर पाणी मोकळ्या रानात गेलं. आबांनी निरोप धाडला, पण मावा आले नाहीत. "एकदा बघितलेलं हाय," असा उलटा निरोप आला. आबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत हे मला आठवतं. पाट फुटल्याचा राग त्यांनी गिळला असता. बघायला न येणं त्यांना लागलं.

तिसऱ्या खेपेला सकाळी उसात म्हैस दिसली तशी आबांनी तिच्या गळ्यात दावं अडकवलं आणि ते माझ्या हातात दिलं. "चल," एवढंच म्हणाले. मी तेव्हा अकरा वर्षांचा. कुठं जायचं ते मला वाटेत कळलं.

कोंडवाड्याची वाट मावांच्या दारावरून जाते. आबा पुढं ताठ मानेनं, मागं दावं धरून मी, माझ्यामागं म्हैस. स्वतःचं घर आलं तशी ती दाराकडं वळली. मी दावं ओढलं. अत्ती अंगणात शेण थापत होत्या. त्यांनी आबांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं आणि मराठीत विचारलं, "कुठं नेतोस रे बाळ तिला?"

मी उत्तर दिलं नाही. आबा थांबले नाहीत. मी पुन्हा दावं ओढलं आणि म्हैस मुकाट्यानं माझ्यामागं आली. तिची ओळख होती ना माझी.

कोंडवाड्याच्या राखणदारानं वहीत नोंद केली, आबांनी मराठीत सही केली आणि कानडी पावती घडी करून टोपीत ठेवली. आडवे वासे सरकले.

आम्हांला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत मावा येतील, दंड भरतील, चार शब्द बोलतील आणि म्हैस नेतील. मावा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माणूस हट्टाला पेटला की स्वतःच्याच गोठ्याला आग लावून घेतो, तसं झालं. दंडावर वैरणीचा खर्च रोज चढत होता. म्हैस दुभती. तिचं रेडकू घरी. तिन्हीसांजेला अत्ती चरवी घेऊन गावातून चालत कोंडवाड्यावर जायच्या, राखणदाराच्या पाया पडल्यासारखं करून आत जायच्या, धार काढायच्या आणि चरवी पदराखाली झाकून परत यायच्या. रस्त्यात कुणी त्यांच्याशी बोलत नसे आणि त्या कुणाशी बोलत नसत.

रात्री रेडकू ओरडायचं. वेशीकडून म्हैस ओ द्यायची. गाव लहान, थंडीच्या रात्री, सगळं ऐकू यायचं. आबा या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे. मी शाळेतून येताना उसाचे तुटके शेंडे पिशवीत भरून न्यायचो आणि वाशांच्या फटीतून तिला घालायचो. ज्या उसापायी ती आत गेली तोच ऊस मी तिला चोरून खायला घालत होतो.

त्यातच कचेरीतून एक कागद आला. कानडी. आबांनी उलटसुलट करून बघितला आणि देवळीत ठेवला. एरवी तो तासाभरात मावांच्या ओसरीवर पोचला असता. गावात कानडी वाचणारे आणखी होते, नाही असं नाही. पण आपले कागद आबा दुसऱ्या कुणाला दाखवत नसत आणि मावांकडं आता जायची सोय नव्हती. कागद देवळीत चार दिवस पडून राहिला. आई रोज दिवा लावताना त्याच्याकडं बघायची.

सहाव्या दिवशी आजी उठली. तिनं कागद कनवटीला लावला, माझं मनगट धरलं आणि सरळ मावांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"बघायला ये," ती मावांना म्हणाली.

"काय बघायचं, अव्वा?"

"काय ते तूच बघ. तुझी म्हस बघ, माझ्या ल्योकाचं शहाणपण बघ, आणि हे काय लिवलंय ते बघ."

मावांनी चष्मा लावला. उभ्या उभ्या कागद वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. कर्जाच्या हप्त्याची शेवटची तारीख होती. ती परवाची होती. नाही भरला तर इंजिनावर जप्ती. मावा कुणाला काही बोलले नाहीत. पायांत चपला घातल्या आणि आमच्या घराकडं निघाले. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आमच्या दारात हाक मारली, "आबा, हाईस काय गा?"

त्या संध्याकाळी दोघं मिळून कोंडवाड्यावर गेले. मी मागं होतोच. दंडाची रक्कम मावांनी मोजून दिली. वैरणीचे पैसे आबांनी पुढं केले. मावा नको म्हणाले. आबा राखणदाराला म्हणाले, "वैरण जरा कमी धर. आमच्या पोरानं रोज उसाचं शेंडं घातल्यात तिला." मला वाटलं होतं कुणाला माहीत नाही.

कुंपण त्याच महिन्यात झालं. खांब मावांच्या रानातले, तार आबांनी बेळगावहून आणलेली, कडेनं लावायला शेराच्या फांद्या आजीनं कुठूनशा मिळवल्या. मधोमध बांबूचं फाटक ठेवलं, कारण आमचं औत त्यांच्या बांधावरून यायचं आणि त्यांची गुरं आमच्या नाल्यावर पाण्याला यायची.

पुढं बेळगावात मी एका वकिलांकडं काही वर्षं टायपिस्ट होतो. एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी कपाटातला १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा काढून वाचला. कोंडवाडे याच कायद्यातले. आमच्या राज्यात १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, पण बापजाद्यांच्या काळी हाच चालायचा. दंडाचा तक्ता त्यात जनावरवार दिलेला आहे. हत्तीला दोन रुपये, उंटाला नि म्हशीला आठ आणे, गाईबैलाला चार आणे, शेळीमेंढीला एक आणा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं. मग नोटीस आणि दवंडी. त्यानंतरही सात दिवसांत कुणी आलं नाही तर लिलाव. जनावर पकडताना कुणी जबरदस्तीनं अडवलं, किंवा कोंडवाड्याच्या वाटेवरून सोडवून नेलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

इंग्रजानं जबाबदारी सरळ जनावराच्या मालकावर टाकली. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत मात्र आमच्या मोकळ्या रानासारखाच रिवाज होता आणि काही भागांत अजूनही आहे. गुरं मोकळी, कुंपण पीकवाल्यानं घालायचं. तिथल्या गुरंवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या भांडणांत बंदुका निघाल्या. जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं सुधारलेल्या काटेरी तारेचं पेटंट १८७४ साली घेतलं, आणि त्या तारेनं तिकडची मोकळी कुरणं हळूहळू बंद होत गेली. आबांनी बेळगावहून आणलेलं भेंडोळं त्याच जातीचं होतं.

पण त्या दुपारी मी अडखळलो तो दुसऱ्याच एका कलमावर. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं पकडावं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावं, असं त्यात आहे. चोवीस तास! आबांनी चोवीस मिनिटंही घेतली नव्हती. हा कायदा त्या वर्षी आमच्या गावाला लागू होता की त्याचा धाकटा भाऊ, ते सोडा. मला दिसलं ते एवढंच, की इतक्या कडक कायद्यानंसुद्धा मध्ये एक दिवस आणि एक रात्र मोकळी सोडली होती. तेवढ्यात राग उतरतो. तेवढ्यात पोराला पाठवून निरोप देता येतो. आणि नाही तर, जाता जाता दारात उभ्या असलेल्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येतं. "अत्ती, कोंडवाड्यात नेतोय, मावांना सांगा," एवढं मी म्हटलं असतं, तरी मावा धावत आले असते असं मला आजही वाटतं. अकरा वर्षांच्या पोराकडून ती अपेक्षा कुणी केली नव्हती. मीच करतो.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. बोलणं सुरू झालं, कानडी कागद पुन्हा मावांच्या ओसरीवर जायला लागले. पण आबा पूर्वी नुसतं 'म्हस' म्हणायचे, ते पुढं 'तुमची म्हस' म्हणायला लागले. मावा लाल फडक्यातलं खरेदीपत्र घेऊन दोन-तीन वर्षं आले नाहीत. मग एका पावसाळ्यात भिजत आले, काही न बोलता फडकं सोडलं. आबांनी वाचायला सुरुवात केली. पणजोबांचं नाव आलं तेव्हा दोघंही गप्प बसले. मग मावाच म्हणाले, "हाय अजून."

माझ्यापुरतं सांगायचं, तर त्याच वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी मावांनी मला म्हशीची शिंगं रंगवायला बोलावलं. एवढी लांब शिंगं, काम तासाभराचं. अत्तींनी हुरमुंजाची वाटी आणून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूनं म्हशीची मान धरून उभ्या राहिल्या. मला तेव्हा बोलायचं होतं. मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. अत्ती जाऊनही आता वीस वर्षं झाली.

आता गावात मोकळं रान राहिलेलं नाही. विहिरी, बोअर झाल्या, शिवार बारा महिने हिरवं असतं. गुरं कमी झाली, जी आहेत ती गोठ्यात बांधून असतात, आणि बैलाच्या जागी ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या उसात आपणहून शिरत नाही. माझ्या भावाला आणि मावांच्या नातवाला गुरांवरून भांडायचं कारणच उरलेलं नाही.

भांडण नाही, पण नुकसान आहे. आमच्या तालुक्यातलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. जंगलाच्या कडेच्या गावांत गवे उतरतात, आणि कधी दांडेलीकडून हत्तीही येतात. कायद्याच्या तक्त्यात हत्तीला दोन रुपये वाचून मी त्या दुपारी हसलो होतो. आता हसू येत नाही. गव्यांचा कळप एका रात्रीत शेत सपाट करून जातो. वनखात्याकडं अर्ज करायचा, फोटो जोडायचे, पंचनाम्याची वाट बघायची. भाऊ म्हणतो, "दादा, म्हशीचा मालक तरी होता. गव्याच्या मालकाला हाक कुठं मारायची?"

गेल्या दिवाळीत मी गावी असतानाच, वसुबारसेच्या पहाटे, भावाचा फोन वाजला. मावांच्या नातवाचा होता. रात्री गवे त्याच्या भातात शिरले होते, कापणीला आलेलं भात. भावाला त्यात करण्यासारखं काही नव्हतं. गवे आमचे नव्हते, भात आमचं नव्हतं. तरी त्यानं पायांत चपला घातल्या. "कशाला बोलावतोय?" मी विचारलं.

"बघायला या म्हणतोय."

मीही निघालो. बांधावर दव होतं. बांबूच्या फाटकाच्या जागी आता लोखंडी फाटक आहे, ते उघडंच होतं. तिघं उभे राहिलो. तुडवलेलं भात किती ते नातवानं पावलांनी मोजलं, भावानं मोबाईलवर फोटो काढले. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. थोड्या वेळानं नातवाची बायको किटलीत चहा घेऊन आली आणि आम्ही तिथंच बांधावर बसून तो प्यालो.